हुरड्याचं ‘रड’ करणारा बग: ओपन सोर्समधली चूक कळवायची कशी आणि दुरुस्त करायची कशी?

समजा, सोलापूरच्या गड्डा यात्रेबद्दल लोक सोशल मीडियावर काय बोलतात हे तुम्हाला मोजायचंय. हजारभर कमेंट गोळा केल्या, कम्प्युटरला दिल्या आणि विचारलं, सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द आलाय? असल्या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक लायब्ररी आहे, सायकिट-लर्न. फुकट आहे, पायथन भाषेत चालते. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असते आणि मोठ्या कंपन्यांच्या कामातही असते.

तिच्यातलं शब्द मोजायचं साधन काहीही सेटिंग न बदलता मराठी कमेंटवर चालवलं, तर उत्तरात ‘सोलापूर’ हा शब्दच येत नाही. ‘यात्रा’ही येत नाही. ‘गड्डा’चा ‘गड’ होतो, ‘चादर’ची नुसती ‘दर’ उरते, ‘सिद्धेश्वर’मधून फक्त ‘वर’ शिल्लक राहतो आणि ‘हुरडा’चं होतं ‘रड’. जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी दिली तर बार्शी, माढा, मोहोळ, सांगोला गायब. करमाळ्याचं ‘करम’ आणि पंढरपूरचं ‘ढरप’.

वाचायला गंमत वाटते. पण हेच साधन वापरून कोणी मराठी तक्रारींची वर्गवारी केली, मराठी बातम्या वेगळ्या काढल्या किंवा मराठी शिकवलेलं एखादं मॉडेल बनवलं, तर त्या मॉडेलला निम्मे शब्द दिसलेलेच नसतात. स्क्रीनवर ‘एरर’ येत नाही. आकडे येतात, तक्ते येतात, सगळं व्यवस्थित दिसतं. मराठी न येणाऱ्या माणसाला यात काही चुकलंय हे कळण्याचा मार्गच नाही.

म्हणजे ही चूक दिसणार कोणाला? तुम्हाला आणि मला. आणि ओपन सोर्सची गोष्ट इथून सुरू होते.

नेमकं बिघडतं कुठे?

कम्प्युटरला अक्षरं माहीत नसतात, आकडे माहीत असतात. जगातल्या जवळपास प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देण्याचं काम युनिकोड कन्सोर्टियम ही संस्था करते. देवनागरीला त्यात 128 जागांचा एक गट दिलेला आहे. क्रमांकासोबत प्रत्येक चिन्हाची जातही ठरलेली असते. ‘स’ हे अक्षर. ‘1’ हा अंक. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं हलन्त चिन्ह यांची जात वेगळी, ती आहेत ‘मार्क’, म्हणजे दुसऱ्या अक्षराला लागून येणारी चिन्हं.

आता पायथनकडे येऊ. मजकुरातून शब्द शोधायला पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची सोय आहे. तिच्यात ‘शब्दात चालणारं कोणतंही चिन्ह’ असं सांगायचं असेल तर बॅकस्लॅश आणि डब्ल्यू अशी खूण लिहितात. पायथनच्या लेखी यात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर बसतात. मार्क बसत नाहीत. त्यामुळे ‘सोलापूर’ वाचताना पायथन ‘स’वर थांबतो, ओकाराला शब्दाचा भाग मानत नाही, मग ‘ल’ला नवा शब्द समजतो, कान्यावर पुन्हा थांबतो. हाती लागतात चार तुकडे: स, ल, प, र. सायकिट-लर्न पुढे आणखी एक नियम लावते, की दोन चिन्हांपेक्षा लहान शब्द टाकून द्यायचा. इंग्रजीतल्या एकेका अक्षराच्या शब्दांसाठी तो नियम ठीकच आहे. आपल्याकडे मात्र चारही तुकडे कचऱ्यात जातात आणि अख्खं सोलापूर नकाशावरून पुसलं जातं.

रोमन लिपीत स्वरांना स्वतंत्र अक्षरं आहेत, म्हणून तिथे हा प्रश्नच उभा राहत नाही. आणि तो एकट्या मराठीचाही नाही. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. या तिन्हींच्या लिपीत स्वरचिन्हं अक्षराला चिकटून येतात. त्यामुळे पूर्व भागातल्या एखाद्या घरातली तेलुगू कमेंट आणि अक्कलकोट रोडवरची कन्नड कमेंटही अशीच तुटते.

यात एक विचित्र प्रकार आहे. पायथन 3 मध्ये तुम्ही व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देऊ शकता. ‘सोलापूर’ हे नाव पायथनला चालतं, काहीही तक्रार नाही. पण हाच शब्द अवतरणात टाकून ‘यात फक्त अक्षरं आणि अंक आहेत का?’ असं विचारलं तर तोच पायथन ‘नाही’ म्हणतो.

मग हे कोणी सांगितलं नाही का?

सांगितलं होतं. एप्रिल 2007 मध्ये पायथनच्या बग नोंदवहीत 1693050 क्रमांकाची नोंद झाली. विषय असा होता की ही डब्ल्यूची खूण रोमन नसलेल्या लिपींसाठी उपयोगाची नाही. उदाहरण देवनागरीचंच होतं: शब्दांचे बारीक तुकडे होतात आणि बहुधा कान्यासारखी स्वरचिन्हं जुळत नसल्यामुळे होतात. 2011 मध्ये पर्ल भाषेच्या जगातले नावाजलेले लेखक टॉम क्रिस्टियान्सन यांनी आणखी एक नोंद केली, क्रमांक 12731. त्यांनी थेट नियमावर बोट ठेवलं. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी युनिकोडचा 18 क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज आहे आणि त्यात शब्दांच्या चिन्हांमध्ये मार्क धरावेत असं लिहिलेलं आहे.

तरीही पायथनचं हे वागणं बदललेलं नाही. खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर दोन ओळी चालवून बघा.

यावर ‘आपल्या भाषांना कोण विचारतो’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. ज्यांना रोज त्रास होतो ते बग नोंदवहीत फार कमी दिसतात. पण अडचण तेवढीच नाही. पायथनचा हा भाग अगणित प्रोग्राम वापरतात. कुठेतरी कोणीतरी पासवर्ड तपासायला, कोणी फाइलींची नावं साफ करायला, कोणी फॉर्ममधली नावं तपासायला हीच खूण वापरलीय. उद्या तिचा अर्थ बदलला तर त्यांचे चालू प्रोग्राम वेगळे वागतील. पायाभूत लायब्ररी सांभाळणारे लोक म्हणूनच हात आखडता घेतात. त्यातून बाजूची वाट निघाली आहे. ‘रेजेक्स’ नावाची वेगळी लायब्ररी आहे, ती मार्क बरोबर धरते आणि ‘सोलापूर’ला एकच शब्द मानते. सायकिट-लर्नमध्येही शब्द तोडायचा नियम स्वतः लिहून देता येतो. मराठीपुरतं बोलायचं तर पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने महाएनएलपी ही मराठीसाठीचीच लायब्ररी खुली केलेली आहे.

पण ज्याला हे माहीतच नाही त्याची हुरड्याची रड चालूच राहते.

ओपन सोर्स असण्याने फरक काय पडतो?

फेब्रुवारी 2018 आठवतोय? एक तेलुगू जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनचं ॲप बंद पडायचं. देवनागरीत लिहायचं तर ‘ज्ञा’सारखं अक्षर. तो कोड बंदिस्त होता. तेलुगू येणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी कोणालाही आत डोकावून ‘ही ओळ चुकलीय’ म्हणता येत नव्हतं. ॲपलने 11.2.6 ही आवृत्ती आणली तेव्हाच प्रश्न सुटला. कंपनी मोठी, बातमी जगभर, म्हणून दुरुस्ती लवकर आली.

ओपन सोर्समध्ये कोड सगळ्यांसमोर असतो. चूक कुठल्या ओळीत आहे ते बघता येतं, ती नोंदवता येते, दुरुस्ती लिहून पाठवता येते. फक्त ती स्वीकारायची की नाही हे प्रकल्प सांभाळणारे लोक ठरवतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. बऱ्याच प्रकल्पांत हे लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून हे काम करतात. पुढचं सगळं वाचताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. हिशोब, साठा, पगार सांभाळणारं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. त्याचा कोड खुला आहे, बग नोंदवही खुली आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी दाखवणारे ‘लोहित’ फॉन्ट पुण्यात तयार झाले आणि रेड हॅटने 2004 मध्ये ते खुले केले. चादरीच्या कारखान्यात बसून ईआरपीनेक्स्टमधली चूक कळवायला हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जावं लागत नाही.

बग आहे की सेटिंग राहिलंय?

नोंद करण्याआधीचा हा टप्पा बहुतेक जण गाळतात. पायथनमध्ये फोटोवर मजकूर टाकायला ‘पिलो’ नावाची लायब्ररी वापरतात. वाढदिवसाचे बॅनर आपोआप बनवायचे म्हणून कोणी तिच्यावर ‘विठ्ठल’ लिहितो, तर वेलांटी ‘व’च्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. पहिली प्रतिक्रिया: बग! पण पिलोमध्ये मजकूर मांडायच्या दोन पद्धती आहेत. साधी पद्धत चिन्हं आलेल्या क्रमाने एकामागोमाग ठेवते. दुसरी ‘रक्म’ नावाच्या लायब्ररीची मदत घेते आणि वेलांटी, जोडाक्षरं बरोबर बसवते. रक्म बसवलेलं नसेल तर पिलो साध्या पद्धतीवर येते. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे. अशी नोंद केली तर ‘रक्म बसवा’ एवढं उत्तर मिळेल आणि ती बंद होईल.

म्हणून आधी दस्तऐवज, मग जुन्या नोंदींमध्ये शोध. बंद झालेल्या नोंदीही शोधा, कारण उत्तर बहुधा तिथेच असतं. नवीच नोंद हवी अशी खात्री झाली तर मग लिहायला बसा.

नोंद कशी लिहायची?

वाईट नोंद कशी असते हे सांगणं सोपं आहे: ‘मराठी चालत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा.’ सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. मेंटेनरला मराठी येत नाही, फोटोतला मजकूर कॉपी करता येत नाही, आवृत्ती कोणती ते माहीत नाही. तो करणार काय?

चांगल्या नोंदीत चूक समोरच्याच्या कम्प्युटरवर पुन्हा घडवता येते, आणि तीही कमीत कमी ओळींत. तुमचा प्रोग्राम 800 ओळींचा असेल तर त्यातलं चुकीशी संबंध नसलेलं सगळं काढत जा. उरतील त्या चार-पाच ओळी द्या. आपल्या उदाहरणात तर एकच ओळ पुरते: हा शब्द दिला, हे तुकडे मिळाले. मग तीन गोष्टी सरळ लिहा. काय दिलं: ‘पंढरपूर’. काय मिळायला हवं होतं: एक शब्द. काय मिळालं: प, ढरप, र. सोबत पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती, आणि विंडोज की लिनक्स.

मराठीसाठी आणखी एक वाक्य लागतं, आणि ते आपल्यालाच लिहावं लागतं: चूक असण्याचं कारण. समोरच्याला ‘ढरप’ आणि ‘पंढरपूर’ दोन्ही सारखेच अगम्य. ‘हा एका गावाच्या नावाचा मधला तुकडा आहे, त्याला स्वतंत्र अर्थ नाही, अनुस्वार आणि दीर्घ उकार या दोन चिन्हांवर शब्द तुटला’ असं लिहिलं आणि त्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक दिले, की भाषा न येणाऱ्या माणसालाही प्रश्न कळतो.

नोंद इंग्रजीत लिहावी लागते, यावर अनेकांची गाडी अडते. खरं तर छोटी, साधी वाक्यं पुरतात, व्याकरण कोणी तपासत नाही. एआयकडून इंग्रजी नीट करून घ्यायला हरकत नाही. बग मात्र एआयला शोधायला लावून न तपासता पाठवू नका. कर्ल हे प्रसिद्ध साधन बनवणारे डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून सतत लिहीत आहेत की एआयने रचलेल्या खोट्या बग नोंदी वाचण्यात त्यांच्या लोकांचा वेळ जातो. दिसायला चकचकीत, आतून पोकळ.

सुरक्षेची चूक असेल, म्हणजे जिचा गैरफायदा घेता येईल अशी, तर ती उघड नोंदवहीत कधीच टाकायची नाही. प्रकल्प त्यासाठी खासगी पत्ता देतात, तिथे पाठवायची.

आणि ‘मला काहीतरी खटकतंय’ या भावनेला कमी लेखू नका. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं की दूरच्या कम्प्युटरवर लॉगइन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. ते खोलात गेले तेव्हा ‘एक्सझेड’ या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवल्याचं निघालं. 29 मार्चला त्यांनी ते जाहीर केलं आणि तो कोड जगभरच्या सर्व्हरवर पोहोचायच्या आधी अडवला गेला.

कोड पाठवायचा असेल तर

प्रक्रिया सांगायला सोपी आहे. गिटहबवर प्रकल्पाची स्वतःची प्रत काढायची, तिला फोर्क म्हणतात. त्यात वेगळी शाखा काढून बदल करायचा आणि ‘हा बदल तुमच्यात घ्या’ अशी विनंती पाठवायची, ती पुल रिक्वेस्ट. मेंटेनर ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, बदल सुचवतो. पटलं तर कोड मुख्य प्रकल्पात मिसळला जातो. पायथनसारख्या प्रकल्पात त्याआधी एका करारावरही सही करावी लागते.

नवखे लोक अडखळतात ते टेस्टपाशी. टेस्ट म्हणजे आपला बदल बरोबर आहे हे आपोआप तपासणारा छोटा कोड. दुरुस्ती आली पण टेस्ट नाही, तर बहुतेक मोठे प्रकल्प ती परत पाठवतात. माझ्या मते मराठी येणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोलाचं योगदान इथेच आहे. मजकुराशी संबंधित कित्येक लायब्ररींच्या टेस्टमध्ये युरोपीय भाषा भरपूर असतात, भारतीय लिपी तुरळक. ‘सिद्धेश्वर’, ‘मंगळवेढा’, ‘दऱ्या’ अशा शब्दांची टेस्ट एकदा आत गेली, की पुढे कोणी चुकून मराठी मोडली तर मशीनच ओरडतं.

दस्तऐवजातली एक ओळही योगदानच असते. पायथनच्या दस्तऐवजात आज स्पष्ट लिहिलंय की डब्ल्यूची खूण अक्षर-अंक तपासणाऱ्या अमुक फंक्शनप्रमाणे चालते. वागणं तेच राहिलं, पण कोड लिहिणाऱ्याला निदान इशारा मिळतो.

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. रोज ‘अपडेट?’ म्हणून टोचू नका. बदल नाकारला गेला तर तो तुमच्यावरचा शेरा नसतो. कधी कधी दुरुस्ती बरोबर असूनही जुन्या वापरकर्त्यांमुळे घेता येत नाही.

आणि टी-शर्टसाठी कोड पाठवू नका. ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट करणाऱ्यांना टी-शर्ट देणारी ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाची मोहीम होती. 2020 मध्ये एका यूट्यूब व्हिडिओनंतर निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजकांना मोहीम चालू असतानाच नियम बदलावा लागला: जो प्रकल्प स्वतःहून भाग घेईल त्याच्यातलंच योगदान मोजायचं. 2024 मध्ये एक्स्प्रेस या लायब्ररीचंही तसंच झालं. शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलेली कृती जशीच्या तशी करत शेकडो मुलांनी माहितीच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव टाकून बदल पाठवले. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि त्यावरून जी टिंगल झाली ती सगळ्यांच्याच वाट्याला आली. सरावासाठी स्वतःचा रिकामा प्रकल्प काढता येतो, तिथे हवं ते करा.

आज रात्री करून बघता येईल असं

कोड येत नसला तरी एक तपासणी कोणालाही जमते. तुमच्या आवडत्या खुल्या ॲपच्या शोधपेटीत ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टाइप करून बघा. एकात ‘ॲ’ हे युनिकोडमधलं एकसंध अक्षर, ते 2008 मध्ये 5.1 आवृत्तीत आलं. दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण कम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडने दोन्ही एकच मानायची सोयही ठेवलेली नाही. पायथनच्या त्याच नियमाने एकसंध ‘ॲ’ असलेला शब्द पूर्ण सापडतो आणि वेगळा चंद्र दिलेला तुटतो. ‘दऱ्या’मधल्या र्‍याचंही तसंच, तोही दोन पद्धतींनी टाइप होतो, एका पद्धतीचं तुटून ‘दऱ’ होतं, दुसरीचं ‘दर’.

एका पद्धतीने शोधल्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडलं नाही, तर ॲपची नोंदवही उघडा, जुन्या नोंदी शोधा, आणि नसेल तर दोन्ही शब्द, त्यांचे युनिकोड क्रमांक आणि ॲपची आवृत्ती लिहून नवी नोंद करा. स्क्रीनशॉट जोडायचाच असेल तर फोनचा घ्या, कॅमेऱ्याचा नको.